बांबोळीहून परतल्यानंतर: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

पेडणे तालुक्यातील मांद्र्यासारख्या गावात एखादा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा अकस्मात महाविद्यालय सोडून खोलीचे दार लावून बसू लागला, रात्र रात्र जागू लागला, शेजारी आपल्याविषयीच कुजबुजतात असे सांगू लागला आणि समोर कोणी नसता कोणाशी तरी बोलू लागला, म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांचा तर्क बहुधा दोन वाटांनी जातो: संगत बिघडली, नाहीतर देवचाराची बाधा झाली. मग कौल लावला जातो, गाऱ्हाणे घातले जाते, घाड्याला बोलावणे धाडले जाते, आणि महिन्यांमागून महिने निघून जातात. या विलंबाचे खापर ग्रामीण भाबडेपणावर फोडण्याची आपल्या शिक्षितांना मोठी हौस. परंतु अमेरिकेत २१ राज्यांतील ३४ दवाखान्यांत ४०४ रुग्णांवर झालेल्या ‘रेज’ नामक अभ्यासात असे आढळले की, अशा विकाराची, म्हणजे सायकोसिसची, लक्षणे उमटल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत निम्म्या रुग्णांचे ७४ आठवड्यांहून अधिक दिवस वाया गेले होते. तेथे काही घाडी नव्हता. आरंभी हा विकार आळस, हट्ट, परीक्षेची धास्ती अशा नित्याच्या वेषात वावरतो, म्हणून तो कोठेही ओळखू येत नाही. कौल लावू नका असे सांगण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. कौल आणि बांबोळीची मनोरुग्ण-संस्था ही दोन्ही एकाच आठवड्यात साधता येतात. साखळीने बांधून ठेवणे मात्र २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साफ मना केले आहे.

किनाऱ्यावरच्या गावांत आणखी एक समज दृढ आहे: हे सारे गांजाचे प्रताप, गांजा सुटला की प्रकरण मिटले. कोवळ्या वयात आणि सातत्याने घेतलेला गांजा सायकोसिसचा धोका वाढवतो हे खरे. पण ज्यांनी आयुष्यात चिलीम पाहिली नाही त्यांनाही हा विकार जडतो, आणि ज्यांनी ओढली त्यांचाही विकार केवळ चिलीम टाकल्याने नाहीसा होईल याची हमी नाही.

परंतु सर्वांत हानिकारक समज याहून साधा आहे. गोळ्या लिहून मिळाल्या म्हणजे उपचार पार पडला, असे घरचे मानतात, आणि दफ्तरात नोंद झाली म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे पुष्कळदा यंत्रणाही मानते. वास्तविक कठीण काळ त्यानंतर सुरू होतो. मांद्र्याहून चोपडे-शिवोलीचा पूल ओलांडून म्हापसा, म्हापशाहून पणजी, पणजीहून बांबोळी असा बस बदलत प्रवास करायचा, तर मुलाच्या बरोबर बापाचीही दिवसाची मजुरी बुडते. गोळीने सकाळी ग्लानी येते, वजन वाढते, आणि जरा बरे वाटू लागले की ‘आता कशाला?’ हा प्रश्न उभा राहतो. येथे ज्याची गरज असते तो केस मॅनेजर. तो गोळ्या मोजणारा कारकून नव्हे, की घरावर पाळत ठेवणारा शिपाई नव्हे. रुग्णाच्या नावाशी ज्याचे नाव जोडले गेले आहे असा तो शिकलेला सोबती असतो. ग्लानीची तक्रार तो डॉक्टरांच्या कानी घालतो, म्हणजे मात्रा वा वेळ बदलण्याचा विचार होऊ शकतो. रागाने बोललेले शब्द मुलाच्या मनात कसे रुततात हे तो आईला समजावतो. महाविद्यालयात परत नाव घालण्याची दरखास्त लिहून देतो. ऑक्टोबरात शॅकचा हंगाम सुरू होताना रात्रपाळी टाळून दिवसाचे काम मिळेल काय याची मालकाकडे चौकशी करतो, तीही मुलाच्या संमतीने. आणि झोप उडू लागली की विकार पुन्हा डोके वर काढीत आहे, हे सर्वांआधी ओळखतो. मेलबर्नमध्ये १९९२ साली सुरू झालेल्या सेवेत प्रत्येक तरुण रुग्णाला असा माणूस नेमून देण्यात आला. डेन्मार्कच्या ‘ओपस’ प्रयोगात एका कार्यकर्त्याकडे सुमारे १० रुग्ण सोपविले होते. एकाच माणसाकडे शंभर घरे दिली, तर उरते ती हजेरीवही.

‘ही श्रीमंत देशांची चैन’ हा आक्षेपही तपासून घ्यावा. स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ व्यक्तींवर गोवा, सातारा आणि तामिळनाडू येथे झालेल्या ‘कॉप्सी’ चाचणीत स्थानिक आरोग्य कार्यकर्ते प्रशिक्षित करून घरोघर पाठविण्यात आले. निष्कर्ष २०१४ साली ‘लान्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. लक्षणे आणि परावलंबन काहीसे घटले, ते तामिळनाडूत सर्वाधिक. परंतु खर्च वाढला आणि लोकलज्जेचा काच ढिला झाला नाही. हे रुग्ण बहुधा जुन्या आजाराचे होते, नव्याने पडलेले नव्हते, हेही ध्यानात ठेवावे. अद्‌भुत फळाचा दावा कोणी करू नये. ‘ओपस’मध्येही दोन वर्षांच्या अखेरीस लक्षणांत दिसलेला लाभ पाचव्या वर्षी बव्हंशी ओसरला होता.

गोळ्यांविषयी दोन टोकांचे समज आढळतात: त्या जन्मभर घ्याव्याच लागतात, किंवा बरे वाटताच सोडाव्यात. पहिल्या उद्भवानंतर निदान वर्षभर, बहुधा त्याहून अधिक काळ, औषध चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो आणि पुढे ते कमी करायचे तर डॉक्टरांच्या नजरेखाली हळूहळू. न्यूयॉर्कमधील एका अभ्यासात ५ वर्षांत सुमारे ८२ टक्के रुग्णांचा विकार उलटला, आणि औषध सोडणाऱ्यांत हा धोका जवळजवळ पाचपट होता.

राहता राहिला हक्काचा प्रश्न. मुलगा एकदा मनोरुग्ण ठरला की त्याच्या वतीने सर्व निर्णय घरच्यांनीच घ्यायचे, असे गावात गृहीत धरले जाते. पूर्वोक्त कायद्यानुसार सज्ञान व्यक्ती आपला प्रतिनिधी स्वतः लेखी नेमू शकते, आणि पुढे आजार बळावल्यास कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत हेही आधीच नोंदवू शकते. तो प्रतिनिधी बापच असला पाहिजे असे नाही. मावशी चालते, मित्रही चालतो. आणि बांबोळी गाठण्यापूर्वी कोणाशी बोलायचे झाल्यास ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांक आहे, तेथे आईनेही फोन करावा, मुलाच्या होकाराची वाट पाहू नये.