जुनी जीप उभी करताना (भाग ५) : जोडी फोडू नका

गेल्या भागात आपण ठोकलेल्या महिंद्रा एमएम ५४० ची चासी तपासली. पाट्यांच्या हँगरपासून ओळंबे सोडायचे, जमिनीवर खडूने खुणा करायच्या आणि दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण जुळले आणि चासीवरचा नंबर आरसीतल्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळला, तरच पुढे पैसा घालायचा. हे दोन्ही ठीक आहे असे धरून आता इंजिनापासून चाकापर्यंतच्या साखळीकडे वळू: क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि एक्सल.

समोरून जोरात आदळलेल्या किंवा वर्षानुवर्षे पावसात उभ्या असलेल्या जीपमध्ये यातला एखादा तरी भाग गेलेला असतो, आणि तो बहुधा जुन्या बाजारातूनच आणावा लागतो. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट हे मोठे बाजार. हरियाणातले मंडी डबवाली तर जुन्या सुट्या भागांतून उभ्या केलेल्या जीपसाठीच ओळखले जाते. माल सगळीकडे मिळतो. पण माझे ठाम मत असे की या खरेदीत खरा फटका झिजलेल्या भागाने बसत नाही. झिजलेला भाग हाताला कळतो. फटका बसतो तो चांगल्या दिसणाऱ्या, पण आपल्या गाडीतल्या जोडीदाराशी न जुळणाऱ्या भागाने.

दाते मोजा

महिंद्राने १९४० च्या दशकाअखेर मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे कित्येक दशके त्याच घराण्यातल्या गाड्या बनवल्या. त्यामुळे बाहेरून सारखे दिसणारे एक्सल बाजारात ढिगाने आहेत. आत मात्र क्राउन-पिनियनचे दाते वेगळे असतात. ४३ आणि ८ दात्यांची जोडी असेल तर गुणोत्तर ५.३८ येते; ३९ आणि ८ असेल तर ४.८८, ४१ आणि ११ असेल तर ३.७३.

आता समजा, पुढचा एक्सल ५.३८ चा आहे आणि तुम्ही मागे ४.८८ चा बसवला. टू-व्हीलमध्ये गाडी गुपचूप चालेल. पण या जीपच्या ट्रान्स्फर केसमध्ये मधले डिफरन्शियल नसते. फोर-व्हील लावले की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. गुणोत्तरात दहा टक्क्यांचा फरक असल्याने दर मीटरला चाकांची ओढाताण सुरू होते. चिखलात टायर घसरून ती सोसतात. कडक रस्त्यावर घसरायला जागाच नसते. मग ताण क्रॉसवर, ट्रान्स्फर केसच्या गिअरांवर, एक्सलवर जातो आणि त्यातले जे सर्वांत अशक्त असेल ते तुटते.

तपासणी दुकानातच करता येते. सुट्या एक्सलचे एक चाकाकडचे टोक कोणाला तरी घट्ट धरायला सांगा. दुसरे टोक बरोबर दोन फेरे फिरवा आणि पिनियनचा फ्लँज किती फिरला ते मोजा. पाचाच्या वर एक तृतीयांशाहून थोडे अधिक भरले तर ५.३८, पाचाला थोडे कमी पडले तर ४.८८, पावणेचारच्या आसपास असेल तर ३.७३. फ्लँजवर आणि हाउसिंगवर खडूची रेघ मारून ठेवली की चूक होत नाही.

आणखी एक गोष्ट. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात आणि दोन्हींवर बहुधा एकच जोडी-क्रमांक कोरलेला असतो. एका एक्सलचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन बसवला, तर शिम कितीही बदलले तरी आवाज जात नाही. घ्यायचे तर हाउसिंगसह पूर्ण एक्सल घ्या.

डिफरन्शियलचा गोळा कुठे आहे तेही पाहा. या जुन्या जीपमध्ये ट्रान्स्फर केसमधून निघणारे शाफ्ट मध्यरेषेवर नसतात, एका बाजूला सरकलेले असतात. म्हणून गोळाही त्याच बाजूला असतो. मध्यभागी गोळा असलेला एक्सल लावला तर शाफ्ट तिरका बसतो आणि क्रॉस लवकर खातो.

गिअरबॉक्सचे तेल बघा

एमएम ५४० मध्ये प्यूजोच्या परवान्याचे एक्सडीपी ४.९० इंजिन येते. चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर, २११२ सीसी. दुसऱ्या घराण्याच्या इंजिनाचा गिअरबॉक्स उचलला तर बेलहाउसिंगची भोके, इनपुट शाफ्टचे स्प्लाइन आणि क्लच प्लेट, तिन्ही जुळतील याची खात्री नाही. जुन्या क्लच प्लेटचे मधले बूश खिशात ठेवा आणि शाफ्टवर प्रत्यक्ष सरकवून बघा. शक्य असेल तर गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस एकाच गाडीतून, जोडलेल्या अवस्थेतच घ्या.

मग ड्रेन प्लग उघडा. तेलात पितळी चमक थोडी असेल तर ती सिंक्रो रिंगची नेहमीची झीज. लोखंडी कपचे निघाले तर दाता तुटला आहे. तेल दुधासारखे पांढरट असेल तर आत पाणी गेले आहे, आणि बेअरिंग गंजलेले सापडतील. कोकणात ओढे ओलांडणाऱ्या गाड्यांच्या एक्सलमध्येही हे दिसते. तापलेला एक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर बंद किंवा खराब असेल तर ऑइल सीलमधून पाणी आत ओढले जाते. आणलेला एक्सल बसवण्यापूर्वी सील बदला आणि ब्रीदर साफ करा. यात कंजूषी नको.

कागदाशी जोडी

शेवटची जोडी लोखंड आणि कागद यांची. मेरठच्या सोतीगंजमध्ये चोरीच्या गाड्या फोडून सुटे भाग विकले जात. २०२१ मध्ये पोलिसांनी तिथली दुकाने बंद पाडली. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. एक्सलला नोंदणी नसते, पण इंजिनाला असते. म्हणून इंजिन घेताना ते ज्या गाडीतून निघाले तिच्या नोंदणी रद्द झाल्याच्या कागदाची प्रत आणि इंजिन नंबर लिहिलेले बिल घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची प्रक्रिया पूर्ण करून नवा नंबर आरसीवर चढवून घ्या. नाहीतर १५ वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला गाडी नेली की निरीक्षक इंजिनावरचा नंबर वाचेल आणि तुमची सगळी मेहनत तिथेच अडेल.

बाजारात जाताना ही यादी सोबत ठेवा: आपल्या दोन्ही एक्सलची गुणोत्तरे, गोळ्याची बाजू, इंजिनाचे घराणे आणि नंबर, स्प्लाइनसाठी क्लच प्लेट, एक खडू, एक पाना. दुकानदार म्हणेल, ‘सगळ्यांना बसतो, घेऊन जा.’ अशा वेळी मोजून दाखवायला सांगा. मोजू न देणाऱ्याकडचा माल स्वस्त असला तरी सोडा. या गाड्यांचे भाग अजून बरेच शिल्लक आहेत, आणि थांबणाऱ्याला जुळणारा मिळतो.

पुढील भागात : पाटे, शॅकल आणि स्टिअरिंग बॉक्स.

(क्रमशः)