उसन्या घरातला इतिहास

वस्तुसंग्रहालय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उंच छत, काचेची कपाटं आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी येते. भायखळ्याला राणीच्या बागेशेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे त्याचं उत्तम उदाहरण. १८७२ साली ते लोकांसाठी उघडलं. ती देखणी इमारत मुळात बांधलीच गेली संग्रहालयासाठी. वस्तू मांडायच्या होत्या, म्हणून भिंती उभ्या राहिल्या.

पण संग्रहालयांची आणखी एक जात आहे. तिथं आधी घर होतं. माणसं जेवत होती, आजारी पडत होती, जिन्यावरून चढत-उतरत होती. पुढं कधीतरी त्या घराचं संग्रहालय झालं. अशा ठिकाणी सगळ्यांत मोठी वस्तू कपाटात नसते. ती म्हणजे ते घरच. आणि घर पाहण्याची रीत थोडी वेगळी असते. गावदेवीच्या मणिभवनाच्या निमित्तानं आज त्याबद्दल बोलायचं आहे.

गिरगाव चौपाटीवरून आत वळलं की थोड्याच अंतरावर लॅबर्नम रोड लागतो. इंग्रज ज्याला इंडियन लॅबर्नम म्हणत, तो म्हणजे आपला बहावा. या शांत रस्त्यावर दोन मजल्यांचं, लाकडी सज्जांचं हे घर आहे. तळमजल्यावर ग्रंथालय, वर चित्रदालन आणि दुसऱ्या मजल्यावर गांधीजींची खोली. गादी, चरखा, ठेंगणं मेज. बाहुल्यांच्या छोट्या देखाव्यांतून त्यांचं चरित्र मांडलेलं आहे. शाळेच्या सहलींची तिथं नेहमी झुंबड असते. मी अनेकदा तिथं गेलो आहे आणि माझा अनुभव असा, की पाहणारी मंडळी भराभर दुसऱ्या मजल्यावर जातात, खोलीला नमस्कार करतात आणि उतरतात. घर पाहायचं राहून जातं.

मी अशा घरात गेलो की मनाशी तीन साधे प्रश्न विचारतो. पहिला, हे घर कोणाचं? दुसरा, रस्त्यावरून इथं काय ऐकू येत होतं? आणि तिसरा, हा जिना चढून कोण कोण वर आलं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अनेकांना चकित करतं. मणिभवन गांधीजींचं नव्हतं. ते रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचं. रेवाशंकरभाई जवाहिऱ्याच्या धंद्यातले. गांधीजींचे विलायतेपासूनचे स्नेही डॉ. प्राणजीवन मेहता हे त्यांचे बंधू. १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन गांधीजी मुंबईला उतरले, तेव्हा डॉ. मेहतांनी त्यांची ओळख रायचंदभाईंशी करून दिली. गांधीजींवर ज्यांचा खोल प्रभाव पडला, ते हे रायचंदभाई याच रेवाशंकर जगजीवन पेढीचे भागीदार होते. म्हणजे हा घरोबा जुना. १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की गांधीजींचा मुक्काम बहुधा इथंच असे. आपण ज्याला चळवळीचं केंद्र म्हणतो, ते खरं म्हणजे एका पाहुण्याला दिलेलं घर होतं.

आणि पाहुणा काही साधा नव्हता. १९१९चा एप्रिल महिना घ्या. रौलट कायद्याविरुद्ध ६ एप्रिलला हरताळ झाला. सकाळी हजारो लोक चौपाटीवर समुद्रस्नानाला जमले. संध्याकाळी सरकारनं बंदी घातलेली ‘हिंद स्वराज्य’ आणि ‘सर्वोदय’ ही पुस्तकं स्वतः गांधीजी आणि सरोजिनी नायडू मोटारीतून विकत फिरले. किंमत चार आणे. पण लोक एकेका प्रतीला पाच-दहा रुपये देत होते आणि एक प्रत तर पन्नास रुपयांना गेली, असं गांधीजींनी आत्मकथेत नोंदवलं आहे. दुसऱ्या दिवशी, ७ एप्रिलला, ‘सत्याग्रही’ हे एक पैशाचं छोटं पत्र निघालं. ते कायद्याप्रमाणे नोंदवलेलं नव्हतं आणि तसं त्यावर उघड छापलं होतं. संपादकाच्या नावाखाली पत्ता होता लॅबर्नम रोड, गावदेवी.

इथं क्षणभर थांबून विचार करा. कायदा मोडून निघणाऱ्या पत्रावर आपल्या रस्त्याचा पत्ता छापला जातो आहे, आणि घरमालक सराफीच्या, म्हणजे पतीवर चालणाऱ्या धंद्यातला माणूस आहे. आज आपण पाहुण्याला चार दिवस ठेवतानाही सोसायटीची परवानगी विचारतो. रेवाशंकरभाईंनी सतरा वर्षं दार उघडं ठेवलं. इतिहासाच्या पुस्तकात अशा माणसाला अर्धी ओळ मिळते. घर पाहताना मात्र ती अर्धी ओळ भिंतींएवढी मोठी होते.

आता दुसरा प्रश्न. रस्त्यावरून काय ऐकू येत होतं? गांधीजी इथं आजारातून उठत होते, तेव्हाची गोष्ट. खोलीत चरखा आला होता, पण सूत काढायला पेळू हवेत, आणि पेळूसाठी कापूस पिंजायला हवा. पिंजारी आणायचा कुठून? घरावरून रोज एक पिंजारी धनुकली वाजवत जात असे. गाद्या भरायचा कापूस पिंजणं हा त्याचा धंदा. गिरगावातल्या चाळींतून वाढलेल्या जुन्या मंडळींना तो टणत्कार आठवत असेल. गांधीजींनी त्याला वर बोलावलं. पेळूसाठी कापूस पिंजून द्यायला तो कबूल झाला, पण दर चांगलाच चढा सांगितला. गांधीजींनी तो दिला. त्या सुताचे हार पवित्रा एकादशीसाठी वैष्णव स्नेह्यांकडे गेले.

मला ही हकीकत फार महत्त्वाची वाटते. खादीची चळवळ ठरावांनी उभी राहिली असं आपण वाचतो. पण तिचा एक धागा रस्त्यावरच्या एका फिरत्या कारागिरामुळे या घरात शिरला. त्याचं नाव आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. गॅलरीत उभं राहून खाली रस्त्याकडे पाहिलं, तर तो निदान डोळ्यांसमोर येतो. त्याच दिवसांत इथं सूत शिकायला येणाऱ्यांत अवंतिकाबाई गोखले होत्या. चंपारणात गांधीजींबरोबर काम केलेल्या या बाईंनी १९१८ मध्ये मराठीत गांधीजींचं चरित्र लिहिलं आणि त्याला प्रस्तावना होती लोकमान्य टिळकांची. मणिभवनाचा इतिहास असा आपल्या मराठी घरांशीही जोडलेला आहे.

रस्त्यावरून नेहमीच गोड आवाज येत होते असं नाही. नोव्हेंबर १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरले. बहिष्काराच्या दिवशीच शहरात दंगल पेटली. स्वागताला गेलेल्या पारशी आणि ख्रिस्ती लोकांवर हल्ले झाले. हल्लेखोरांत आपल्याच चळवळीचे जयजयकार करणारे होते, हे गांधीजींनी पाहिलं. १९ नोव्हेंबरला त्यांनी याच घरात उपोषण सुरू केलं. २२ तारखेला शहर शांत झाल्यावर सर्व धर्मांच्या मंडळींसमोर ते सोडलं.

तिसरा प्रश्न जिन्याचा. या जिन्यावरून भक्त आले, पुढारी आले, पोलीसही आले. ४ जानेवारी १९३२च्या पहाटे गच्चीवरच्या तंबूतून गांधीजींना अटक झाली. तो सोमवार, म्हणजे त्यांच्या मौनाचा वार. तिथून त्यांची रवानगी येरवड्याला झाली. १९५९ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग पत्नीसह या घरात मुद्दाम मुक्कामाला राहिले. २०१० मध्ये बराक ओबामा आले.

पण माझ्या लेखी या जिन्यावरची सर्वांत महत्त्वाची पावलं १४ ऑगस्ट १९३१ची आहेत. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर गांधीजींना भेटायला मणिभवनात आले. परळच्या बीआयटी चाळीत अनेक वर्षं काढलेला हा विद्वान. आपल्या माणसांना जिथं कुत्र्या-मांजरापेक्षा वाईट वागवतात तो देश आपला कसा म्हणावा, असं त्यांनी तोंडावर विचारलं. अस्पृश्यांना स्वतंत्र राजकीय हक्क हवेत यावर ते ठाम होते, आणि गांधीजींना ती फारकत मान्य नव्हती. एकमत झालं नाही. पुढं लंडनची गोलमेज परिषद आणि सप्टेंबर १९३२चा पुणे करार यांतून हाच वाद देशासमोर आला. खोलीला नमस्कार करून उतरणाऱ्याला हा प्रश्न दिसत नाही. पण ही खोली जशी गांधीजींची, तशीच त्या प्रश्नाचीही आहे. घराचा मोठेपणा तिथं मतं जुळली यात नसतो. न जुळणारा माणूसही तिथं आला आणि बोलून गेला, यात असतो.

हे तिन्ही प्रश्न विचारल्यावर मला आपल्या शहराचा एक स्वभाव दिसू लागला. मुंबईचा इतिहास बराचसा उसन्या जागेत घडला. लोकमान्य टिळकांनी १ ऑगस्ट १९२०ला देह ठेवला तो क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात, म्हणजे एका लॉजमध्ये. १९४२च्या ‘चले जाव’च्या वेळी गांधीजी उतरले होते ते मलबार हिलच्या बिर्ला हाऊसमध्ये. बाबासाहेबांनी मात्र दादरच्या हिंदू कॉलनीत स्वतःचं ‘राजगृह’ बांधलं आणि बांधताना विचार केला तो पुस्तकांचा. वर्षानुवर्षं चाळीत अभ्यास केलेल्या माणसाला हक्काच्या जागेचं मोल ठाऊक होतं. एकदा मणिभवन आणि त्यानंतर राजगृह, अशी दोन्ही घरं लागोपाठ पाहून या. एकाच शहरातल्या त्या वादाच्या दोन्ही बाजू कळायला त्याची मदत होते.

मणिभवन १९५५ मध्ये स्मारक म्हणून घेतलं गेलं, म्हणून ते टिकलं. सगळ्या घरांचं नशीब तसं नसतं. गिरगाव, लालबाग, परळमधल्या कितीतरी चाळी पाडल्या गेल्या आणि त्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. राहणाऱ्यांना चांगली घरं मिळायलाच हवीत, त्याबद्दल तक्रार नाही. प्रत्येक चाळीचं संग्रहालय होणार नाही आणि होऊही नये. पण हेच तीन प्रश्न आपल्या इमारतीलाही विचारता येतात. ती कोणी बांधली, आपल्या आजोबांना पहिल्यांदा तिथं कोणी आसरा दिला? संपाच्या दिवसांत कोणाच्या खोलीत बैठका होत? गॅलरीखालून कोण काय ओरडत जायचं? घरातल्या जाणत्या माणसांना विचारून ठेवा आणि एका वहीत उतरवून ठेवा. वहीला जागा फार लागत नाही.