चालू धंदा विकत घेताय? आधी दुधाचं बिल बघा!



"सर, माळशिरसमध्ये रोडवर चालू चहा-नाश्ता सेंटर मिळतंय. चार लाख म्हणतायत. घेऊ का?" असे फोन मला बरेच येतात. गाव बदलतं, आकडा बदलतो, प्रश्न तोच. माझं उत्तरही तेच: गल्ला बघून धंदा घेऊ नका, खर्च बघून घ्या.

१. सीझनमध्ये भुलू नका

आपल्या तालुक्यात बारा महिने सारखा धंदा नसतो. आषाढी वारीला माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूरवरून जाते. त्या दिवसांत कुठल्याही टपरीवर रांग दिसते. पुढं कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊस वाहतूकदार, तोडणी कामगार यांची गर्दी. हंगाम संपला की पुन्हा शांतता. म्हणून मालकाकडं एका महिन्याचा नाही, बारा महिन्यांचा हिशोब मागा. शिवाय नवीन पालखी महामार्गामुळं गाड्या आता नक्की कुठून जातात, हे स्वतः उभं राहून बघा.

२. उलटा हिशोब करा

समजा मालक म्हणाला, "रोज सात हजारांचा गल्ला आहे." वाद घालू नका. दुधाचं बिल मागा. दूध रोज दहा लिटर असेल, एका लिटरमागं वीस कप धरले, तर दोनशे कप. दहा रुपयांनी दोन हजार झाले. मग उरलेले पाच हजार नाश्त्याचे असायला हवेत. तेवढं पाव, बेसन, तेल, गॅस खरंच येतं का? दुकानदाराची बिलं बघा, यूपीआयचं स्टेटमेंट बघा. आणि सलग आठ दिवस, त्यात बाजाराचा दिवस धरून, समोर बसून गिऱ्हाईक मोजा.

३. चार लाख कशाचे?

कागदावर फोड करा. डिपॉझिट किती, सामान किती, माल किती आणि "चालू धंद्याचे" किती? डिपॉझिट परत मिळतं, जुना फ्रीज विकला तर थोडेफार येतात. पण चालू धंद्याचे म्हणून दिलेले पैसे परत येत नाहीत. घासाघीस तिथंच करायची.

४. गाळ्याच्या मालकाला भेटा

इथं मी स्वतः ठेचकाळलोय. माझं पहिलं दुकान मी असंच चालू घेतलं. गिऱ्हाईक चांगलं होतं, सामान चांगलं होतं. पण जुन्या भाडेकराराचे चारच महिने उरलेत, हे मी विचारलंच नाही. पाचव्या महिन्यात गाळामालकानं भाडं दुप्पट सांगितलं. गिऱ्हाईक जागेला बांधलेलं, आणि जागा माझ्या हातात नाही! वर्षभरात दुकान सोडलं. म्हणून आधी तुमच्या नावानं नवीन भाडेकरार, मगच पूर्ण पैसे.

५. कागद आणि कर्ज

अन्नपदार्थांचा धंदा असेल तर जुन्या मालकाच्या एफएसएसएआय नोंदणीवर चालवू नका, स्वतःच्या नावानं काढा. उद्यम नोंदणी ऑनलाइन फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. वीजबिल आणि दुकानदारांची उधारी किती थकलीय ते विचारा आणि "आजपर्यंतची देणी जुन्या मालकाची" असं करारात लिहून घ्या.

एक गैरसमजही काढून टाका. पीएमईजीपीची सबसिडी नवीन युनिटसाठी असते, चालू धंदा विकत घ्यायला नाही. मुद्रामध्ये शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज असतं. पण ते कर्जच आहे, हप्ता पालखी गेल्यावरही भरावा लागतो!

शेवटचा प्रश्न

मालकाला सरळ विचारा, "एवढा चालतो, तर विकताय का?" वय झालं, मुलगा पुण्याला गेला, ही खरी कारणं असू शकतात. पण तेच कारण शेजारच्या दोन दुकानदारांकडूनही ऐका. तिघांचं जुळलं तर पुढं जा. नाही जुळलं तर टोकन देऊ नका. दुसरं दुकान मिळेल, घरच्यांनी साठवलेले पैसे पुन्हा मिळत नाहीत.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही-पेन घ्या आणि मोजायला लागा!