लिंकन यांच्या दारात नसलेली डबी

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, स्प्रिंगफील्ड गावी, आठव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर फिकट तपकिरी रंगाचं दुमजली लाकडी घर आहे. पुढच्या दारावर छोटीशी पाटी: ‘ए. लिंकन’. अब्राहम लिंकन यांनी उभ्या आयुष्यात विकत घेतलेलं हे एकच घर. ज्या पाद्र्याने त्यांचं लग्न लावलं, त्याच्याकडूनच १८४४ मध्ये त्यांनी ते घेतलं. १२०० डॉलर रोख दिले आणि वर एक जागा. तेव्हा घर दीड मजल्याचं होतं. माडी पुरी झाली ती १८५६ मध्ये.

जीपीएस हातात धरून गावोगाव लपवलेल्या डब्या हुडकणाऱ्यांना, म्हणजे जिओकॅशिंगवाल्यांना, अशा घराची ओढ वाटणारच. हा खेळ जन्मला तो एका सरकारी निर्णयातून. नागरी जीपीएसच्या संकेतात अमेरिकी लष्कर मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे ठिकाण शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसे. १ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ही भेसळ बंद करत असल्याचं जाहीर केलं. ३ मे रोजी ओरेगनमध्ये डेव्ह उल्मर यांनी रानात एक काळी बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश इतरांना कळवले. बादलीत पुस्तकं होती, थोडे पैसे होते, गलोल होती आणि घेवड्याचा एक डबाही. आज जगभर अशा लाखो डब्या आहेत. सापडली की आतल्या कागदावर नाव-तारीख लिहायची, काही उचललं तर तोलामोलाचं काही ठेवायचं आणि डबी होती तिथे परत. ज्यांना या खेळाचा पत्ताच नाही ते ‘मगल’. हॅरी पॉटरच्या पुस्तकांतून उचललेला शब्द.

पण लिंकन यांच्या अंगणात डबी लपवायची सोय नाही. घर आणि भोवतालचे चार चौक राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहेत. तिच्या हद्दीत परवानगीवाचून डबी ठेवणं म्हणजे माल बेवारस टाकणं. मला हा नियम पटतो. जीपीएस पाच-दहा मीटरचा घोळ घालतोच, आणि तेवढ्या टापूत शोधणारा माणूस फरशी उचकटून पाहतो, कुंपणाच्या फळ्या हलवून पाहतो. खेळाडूंनीच यावर तोड काढली ती बिनडबीच्या शोधाची. नेमक्या जागी जायचं, पाटीवरचं, शिलेवरचं काही वाचायचं आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कळवायचं. डबीच्या नादात घराकडे पाठ फिरवणाऱ्याला इथे घराकडे बघावंच लागतं.

गंमत अशी, की या घराचा धनी स्वतः मोजणीदार होता. १८३३ मध्ये लिंकन सँगमन परगण्याचे उपमोजणीदार झाले. होकायंत्र आणि साखळी घेऊन शेतं, रस्ते मापू लागले. पूर्वी चालवलेल्या दुकानाच्या कर्जापायी त्यांची अवजारं लिलावात निघाली, तेव्हा एका मित्राने ती घेऊन त्यांना परत दिली. पीटर्सबर्ग गावाची आखणी त्यांचीच. एका विधवेचं घर वाचावं म्हणून तिथला रस्ता त्यांनी किंचित तिरका आखला, अशी दंतकथा आहे. मोजणीची ती साखळी ६६ फुटांची, म्हणजे आपल्या गुंठ्याच्या दोन बाजूंइतकी. आणि दोन डब्यांमध्ये किमान किती अंतर हवं, हा जिओकॅशिंगचा नियम? १६१ मीटर, अर्थात ५२८ फूट. भागून पाहा: बरोबर आठ साखळ्या. हा मेळ निव्वळ योगायोग नव्हे, कारण दोन्ही मापं मैलाच्या पोटातली. तरी मला तो आवडतो.

११ फेब्रुवारी १८६१ रोजी लिंकन यांनी स्प्रिंगफील्ड सोडलं; ते जिवंत परतले नाहीत. १८८७ मध्ये मुलगा रॉबर्टने घर राज्याला दिलं. अट दोनच गोष्टींची: डागडुजी नीट ठेवा आणि लोकांकडून पैसे घेऊ नका. घर पाहायला आजही पैसे पडत नाहीत. जिन्याचा कठडा लिंकन यांच्या वेळचाच आहे, आणि त्याला हात लावायला परवानगी आहे.