मिनिटाला अडीच सेंट

डेट्रॉइट, बुधवार, ६ ऑक्टोबर १९४८. हा दिनक्रम शेव्हरोलेच्या गिअर अँड ॲक्सल कारखान्यातल्या एका कामगाराच्या घरचा आहे. घरात नवरा, बायको, शाळेत जाणारी दोन मुलं. हे कुटुंब अमुक एका माणसाचं नव्हे. त्या वर्षीचे भाव, मजुरीचे करार आणि रेडिओची वेळापत्रकं यांच्या आधारे ते उभं केलं आहे. नवऱ्याची मजुरी तासाला सुमारे दीड डॉलर, म्हणजे मिनिटाला अडीच सेंट. वाचकाने दिवसभर हा दर हाताशी ठेवावा. त्या काळची अमेरिका आज सगळ्यांना स्वस्ताईची वाटते. पण ज्यांनी ते दिवस काढले त्यांना ते महागाईचे वाटत होते, आणि त्यांचं बरोबर होतं.

पहाटे ५

दूधवाला दाराशी काचेच्या बाटल्या ठेवून गेला आहे. क्वार्टभर, म्हणजे लिटरला जरा कमी, दुधाला सुमारे २२ सेंट. कामाची नऊ मिनिटं. स्वयंपाकघरात कॉफी उकळते आहे. ती ५१ सेंट पौंड. १९४५ मध्ये ३० होती. एक अंडं सहा सेंटांना पडतं. नवऱ्याच्या ताटलीत दोन, मुलांना एकेक, बायको टोस्टवर भागवते.

घर भाड्याचं, दुमजली इमारतीचा वरचा मजला. युद्धाच्या वर्षांत घरबांधणी जवळजवळ थांबली होती आणि मग लाखो सैनिक एकदम परतले. किती तरी जोडपी अजून आईवडिलांच्या घरात एका खोलीत राहतात. भाड्यावरचं सरकारी नियंत्रण अजून उठलेलं नाही, म्हणून या कुटुंबाचा निभाव लागतो.

सकाळी ७

कार्ड पंच झालं की दिवस सुरू. भट्टीतून निघालेलं लोखंड ठोकून, कापून, घासून त्याचे आस आणि गिअर होतात. ते ज्या गाडीला लागतात ती शेव्हरोले तेराशे डॉलरच्या पुढे आहे, या कामगाराची पाच महिन्यांची अख्खी मजुरी. पैसे जमले तरी गाडी लगेच मिळत नाही, यादीत नाव घालून थांबावं लागतं. चार वर्षं कारखाने रणगाडे आणि विमानं बनवत होते. लोकांच्या हातात युद्धकाळातली शिल्लक आहे, पण बाजारात माल पुरेसा नाही. भाव चढण्याचं एक मोठं कारण हेच.

या कारखान्यातल्या मजुरीत यंदा एक नवी गोष्ट आली आहे. मे महिन्यात जनरल मोटर्स आणि वाहन कामगारांची युनियन यांच्यात दोन वर्षांचा करार झाला. तासाला ११ सेंट वाढ मिळाली. त्यातले आठ सेंट आधीच्या महागाईची भरपाई म्हणून, तर तीन कामगाराचं राहणीमान सुधारावं म्हणून. पुढे दर तीन महिन्यांनी महागाईचा सरकारी निर्देशांक पाहायचा. तो १.१४ अंकांनी वाढला की तासामागे एक सेंट वाढ, उतरला की तेवढी घट. पण घट पाच सेंटांच्या पलीकडे जाणार नाही. सप्टेंबरात या हिशेबाने आणखी तीन सेंट पदरात पडले. मुंबईच्या गिरणी कामगारांना ही कल्पना नवी वाटली नसती. निर्देशांकाशी बांधलेला महागाई भत्ता त्यांनी युद्धकाळातच पाहिला होता.

हा करार सुखासुखी झालेला नाही. १९४५ च्या नोव्हेंबरात जनरल मोटर्सचे कामगार संपावर गेले आणि ११३ दिवस बाहेर राहिले. युनियनचे नेते वॉल्टर रूथर यांची मागणी त्या काळाला धाडसी होती: मजुरी ३० टक्के वाढवा, पण गाड्यांची किंमत वाढवू नका. मिळाले तासाला साडेअठरा सेंट, आणि गाड्यांच्या किमतीवर युनियनला काही बोलता आलं नाही. पण मजुरी आणि भाव या दोन गोष्टी एकाच टेबलावर ठेवायच्या असतात, हे रूथर यांनी देशाला दाखवून दिलं. यंदा एप्रिलमध्ये त्यांच्या घराच्या खिडकीतून कुणी तरी बंदूक झाडली. ते वाचले, उजवा हात मात्र जायबंदी झाला.

सकाळी १०

मुलं शाळेत गेली. बायको पिशवी घेऊन किराणा बाजारात आली आहे. युद्धात ती विलो रनच्या प्रचंड कारखान्यात बी-२४ विमानांना रिवेट ठोकायची. १९४५ च्या जूनमध्ये तिथलं शेवटचं विमान बाहेर पडलं आणि तिच्यासारख्या हजारो बायका घरी परतल्या. मिनिटांचा हिशेब ती तिथेच शिकली.

आज ती भावाच्या पाट्या वाचत फिरते. पाव १४ सेंट, साडेपाच मिनिटं. डझनभर अंडी ७२ सेंट, जवळपास अर्धा तास. लोणी पौंडाला ८७ सेंट, पस्तीस मिनिटं. आणि मांसाच्या काउंटरवर तिचे पाय थबकतात: राउंड स्टेक पौंडाला ९० सेंट. १९४५ मध्ये तो ४१ ला होता. तीन वर्षांत दुपटीहून जास्त, आणि मजुरी काही दुप्पट झालेली नाही.

हे का झालं, तिला ठाऊक आहे. युद्धात ओपीए या सरकारी कार्यालयाने भाव बांधून ठेवले होते आणि दुकानात पैशांबरोबर कुपनं द्यावी लागत. १९४६ च्या उन्हाळ्यात तो कायदा संपला तेव्हा भाव उसळले. नियंत्रण पुन्हा आलं तेव्हा व्यापाऱ्यांनी आणि गुरं पाळणाऱ्यांनी जनावरं बाजारात आणणंच थांबवलं आणि खाटकांची दुकानं ओस पडली. ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी मांसावरचं नियंत्रण उठवलं. १९४७ या एका वर्षात सरासरी भाव १४ टक्क्यांच्या आसपास वाढले. यंदा ऑगस्टात टेक्सासच्या गृहिणींनी मांस न घेण्याची मोहीम उघडली आणि ती शहराशहरांतून पसरली. त्या बायकांनी टेलिफोन उचलून एकमेकींना साद घातली, एवढीच त्यांची संघटना. जिच्या हातात घरखर्च असतो, तिला अर्थशास्त्र कळत नाही असं समजणाऱ्यांना ते उत्तर होतं.

ती स्टेक सोडून खिमा घेते. लोणी सोडून मार्गारीन घेते.

दुपारी १२

कारखान्यात अर्ध्या तासाची सुट्टी. पत्र्याच्या डब्यात सँडविच, थर्मासात कॉफी. ज्याला हवं तो कोकाकोलाची साडेसहा औंसांची बाटली घेतो, पाच सेंटांना. दोन मिनिटांचं काम. हा भाव एकोणिसाव्या शतकापासून हललेला नाही. टपालाचं तिकीटही १९३२ पासून तीन सेंटांवरच आहे. अशा मोजक्या वस्तूंनीच पुढे त्या काळाची स्वस्त म्हणून ख्याती केली. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचं पाच सेंटांचं भाडं १९०४ पासून टिकलं होतं, तेही याच १ जुलैला दहा झालं.

बोलणं निवडणुकीवर येतं. बरोबर महिन्यापूर्वी, कामगार दिनाला, ट्रुमन कॅडिलॅक चौकात येऊन बोलून गेले. त्यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने गेल्या वर्षी टाफ्ट-हार्टली कायदा आणला आणि युनियनचे हात बांधले, हा त्यांचा मुद्दा इथे सगळ्यांना पटतो. जनमत चाचण्या मात्र त्यांचे प्रतिस्पर्धी ड्यूई यांना कौल देत आहेत.

दुपारी सव्वा

घरी रेडिओवर ‘मा पर्किन्स’ लागलं आहे. पंधरा मिनिटांची ही मालिका ऑक्सिडॉल साबणाच्या जाहिरातीवर चालते. ऐकता ऐकता बायको मार्गारीन मळते. ते पांढरंफटक विकायचं, असा दुग्धव्यवसायाने पदरात पाडून घेतलेला नियम आहे. पिवळं विकलं तर पौंडामागे दहा सेंट केंद्रीय कर. म्हणून सोबत रंगाची पुडी मिळते आणि लोण्याचा रंग घरोघरच्या बायका आपल्या हातांनी आणतात. या मेहनतीची मजुरी कुठल्याच निर्देशांकात धरलेली नाही. १९५० मध्ये काँग्रेसने हा कर काढला.

दुपारी साडेतीन

पाळी सुटली. फाटकाबाहेर पहिला प्रश्न बेसबॉलचा. जागतिक मालिकेचा आज पहिला सामना, बॉस्टनमध्ये. क्लीव्हलँडच्या बॉब फेलरने प्रतिस्पर्ध्यांना फक्त दोन हिट दिले, तरी क्लीव्हलँडने सामना १-० असा गमावला. क्लीव्हलँडच्या संघात लॅरी डोबी आणि सॅचेल पेज हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू आहेत. डेट्रॉइटच्या टायगर्स संघात असा एकही नाही. तो यायला १९५८ उजाडलं.

फाटकातून बाहेर पडणाऱ्यांतही कृष्णवर्णीय कामगार आहेत, बरेचसे भट्टीच्या आणि झाडलोटीच्या कामावरचे. युनियन एकच, करार एकच. पण इथून रस्ते वेगळे होतात. त्यांना जायचं आहे हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या आसपासच्या दाटीवाटीच्या वस्तीत. शहरातल्या किती तरी गल्ल्यांत घराच्या कागदपत्रांतच लिहिलेलं असे की हे घर गोऱ्याखेरीज कुणाला विकायचं नाही. डेट्रॉइटच्याच मॅकगी दांपत्याने या अटीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. ३ मे १९४८ ला न्यायालयाने, सेंट लुइसच्या शेली खटल्याबरोबर, अशा अटी कोर्टामार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला. न्यूयॉर्कजवळ उभ्या राहणाऱ्या लेविटटाउनमध्ये तरीही कृष्णवर्णीयांना घर मिळालं नाही. तिथलं घर १९४९ मध्ये ७,९९० डॉलरला विकलं जात होतं आणि परतलेल्या गोऱ्या सैनिकाला सरकारी हमीचं कर्ज मिळत होतं. तोच गणवेश घालून लढलेल्या कृष्णवर्णीयाचा तास ते घर विकत घेऊ शकत नव्हता.

सायंकाळी साडेसात

जेवणं झाली. मुलं रेडिओला चिकटून बसली आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार साडेसातला ‘द लोन रेंजर’. मुखवट्यातल्या या घोडेस्वाराचा जन्म टेक्सासात नव्हे, १९३३ मध्ये याच शहरातल्या डब्ल्यूएक्सवायझेड केंद्रात झाला. घोड्यांच्या टापा स्टुडिओतले कारागीर हातांनी काढतात आणि सारा देश त्या खऱ्या मानतो. हे सुख फुकट आहे.

रात्री ९

नवरा कोपऱ्यावरच्या बारमध्ये जातो. ज्यूकबॉक्समध्ये पाच सेंटांचं नाणं टाकलं की एक गाणं. नव्या रेकॉर्ड यंदा कमी आल्या, कारण वादकांच्या युनियनने १ जानेवारीपासून ध्वनिमुद्रण बंद ठेवलं आहे. तरी हेस्टिंग्ज स्ट्रीटवर संगीत थांबलेलं नाही. दिवसा कारखान्यात झाडलोट करणारा जॉन ली हूकर तिथे गिटार वाजवतो आणि वर्षअखेरीस त्याची ‘बूगी चिलन’ दुकानांत आली.

बारच्या भिंतीवर टेलिव्हिजन लावलाय. दर मंगळवारी विनोदवीर मिल्टन बर्लचा कार्यक्रम पाहायला इथे गर्दी होते. आरसीएने युद्धानंतर काढलेल्या पहिल्या संचाची किंमत ३७५ डॉलर होती: अडीचशे तास, सव्वासहा आठवडे. सिनेमाचं तिकीट सरासरी ४० सेंट, सोळा मिनिटं. १९४६ मध्ये आठवड्याला सुमारे नऊ कोटी तिकिटं खपली होती. ती गर्दी आता ओसरू लागली आहे.

रात्री साडेदहा

स्वयंपाकघरातल्या टेबलावर दिवसाचा हिशेब. या घराचं भागतं. ते भागतं कारण तास दीड डॉलरचा आहे, आणि तो दीड डॉलरचा आहे कारण ११३ दिवस लोक थंडीत फाटकाबाहेर उभे राहिले. देशाचं किमान वेतन त्या दिवशी तासाला ४० सेंट होतं. तेवढ्यावर राबणाऱ्याला पौंडभर स्टेकसाठी सव्वादोन तास घाम गाळावा लागे आणि पावासाठी एकवीस मिनिटं. ते वेतन ७५ सेंट व्हायला १९५० चा जानेवारी यावा लागला.

म्हणून जुन्या भावांची यादी समोर आली की तिला दोन प्रश्न विचारावेत: ही वस्तू किती मिनिटांची होती, आणि ती मिनिटं कुणाची होती? पाच सेंटांच्या बाटलीने अमेरिकेचा मध्यमवर्ग घडवला नाही. मजुरीला भावाच्या बरोबरीने चालायला लावणाऱ्या माणसांनी तो घडवला. आणि ज्यांच्या तासाला त्यांच्याच देशाने पुरी किंमत दिली नाही, त्यांचं देणं अजून फिटलेलं नाही.