जाम बोल्टला घाई चालत नाही

बोटीच्या मागच्या बाजूला पाण्यात उतरणाऱ्या आउटड्राइव्हचे कवच ॲल्युमिनियमचे असते, बोल्ट बहुधा स्टेनलेस स्टीलचे. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना टेकले की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि झिजते ते ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, आट्यांत ठासून बसते आणि बोल्ट जखडतो. अशा वेळी पान्याला लांब पाइप लावून जोर देणे ही सर्वात महागडी चूक. बोल्टचे डोके तुटते आणि दुरुस्तीचा खर्च कित्येक पटींनी वाढतो.

आधी आत झिरपणारे तेल सोडून रात्रभर थांबावे. मग हीट गनने बोल्टभोवतीचे कवच तापवावे. ॲल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा जास्त प्रसरण पावते, त्यामुळे पकड सैल होते. मात्र तेल पुसून घ्यावे, जवळ पेट्रोलची वाफ नको आणि रबरी सील जपावेत. डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्यावेत. बोल्ट आधी किंचित आवळून मग सोडवावा, पुन्हा आवळावा. असे मागेपुढे करत तो बाहेर येतो.

परत बसवताना आट्यांना मरीन ग्रीस लावाच, आणि झिजलेले झिंकचे ॲनोड (कवचाऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) त्याच वेळी बदला.