प्रॅक्टिस अर्धी, घाट पूर्ण

तर मंडळी, सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा बिब मिळालाय आणि आजवरचा सगळ्यात मोठा रन आहे जेमतेम आठ किलोमीटर. आजचा एपिसोड तुमच्यासाठी.

पोलीस परेड ग्राउंडवरून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने थोडं पुढे जाऊन त्याच वाटेने परत. २१ किलोमीटर आणि वर थोडं. सगळे घाबरतात चढाला. पण चढावर दम लागला की माणूस आपोआप चालायला लागतो. चाला की, त्यात लाज कसली! खरी वाट लागते ती उतारावर.

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचं काम करतो, म्हणजे ताणला जाता जाताच जोर लावतो. सवय नसेल तर त्याचे धागे बारीक बारीक फाटतात. तेव्हा कळत नाही. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं. गंमत बघा, उताराचा एकदा जरी सराव झाला तरी पुढचे काही आठवडे तोच स्नायू बराच तग धरतो. म्हणून तीन आठवडे हातात असतील तर जवळचा एखादा उतार शोधा, छोटी पावलं टाकत दोन-तीनदा पळा. शेवटच्या आठवड्यात मात्र नको.

आणि प्लीज, पेनकिलर घेऊन पळू नका. आयबुप्रोफेनसारखी गोळी, घामाने कमी झालेलं पाणी आणि फाटलेले स्नायू, तिन्हीचा भार किडनीवर येतो. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबायचं. नंतर लघवी कोऱ्या चहासारखी दिसली तर थेट हॉस्पिटल गाठा, मेडलचे फोटो मग टाका.